थंडीतली धूसर फुलं: फोटो काढा, पण फूल कुठलं ते तरी कळू द्या!

पांझराकाठचा (धुळे)
डिसेंबर लागला की आपल्याकडच्या सगळ्या फोटोवाल्यांना एकच सर्दी होते. मधे गुलाबी डाग, कडा विरघळलेल्या, मागे दुधाळ गोल गोल दिवे आणि खाली 'गुलाबी थंडी'. फूल हरभऱ्याचं की कण्हेरीचं, बांधावरचं की कुंडीतलं, काही पत्ता लागत नाही. तोच फोटो उटीचा म्हणून दाखवला तरी खपेल.

माझं म्हणणं असं की, खान्देशातली थंडीची फुलं बहुतेक पिकाची फुलं आहेत. हरभरा, तूर, कपाशीचा शेवटचा बहर, मग धणे, करडई, बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे गोंडे. यांचं देखणेपण बारीक कामात आहे. हरभऱ्याचं फूल जेमतेम सेंटीमीटरभर. पाकळीवर जांभळ्या शिरा, देठावर लव, लवेच्या टोकाला थेंब. आणि तो थेंब बऱ्याचदा दव नसतोच, आंब असते. झाडाच्या लवेतूनच ती आंबट पाझरते. पूर्वी पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून, ते पिळून आंब गोळा करायचे, पोटदुखीवर द्यायचे. आता तिचा चकचकीत गोळा होतो आणि खाली लिहिलेलं असतं 'दवबिंदू'. जे पाहायला वाकलात तेच पुसून टाकायचं, याला कला कसं म्हणायचं?

चोपड्याची_लेक
दादा, तुम्ही उन्हं वर आल्यावर शेतात जाता वाटतं! सकाळी साडेसहाला तापीकाठच्या शेतात उभं राहून बघा. दहा पावलांवरची तूर पिवळट धूसर दिसते. डोळ्यालाच जे विरघळलेलं दिसतं ते फोटोत कोरून काढायचं, तर खोटं कोण बोललं? तुमचा तो टोकदार हरभरा भर दुपारीही तसाच निघेल. त्यात थंडी कुठे आहे? माझ्या फोटोत नाव नसेल, पण हवा आहे.

केळीवाला_रावेर
ताई, त्या हवेतला निम्मा माल आमचा आहे. पारा फार उतरला की केळीचा घड नीट बाहेर पडत नाही, अडकतो. म्हणून रात्री बागेच्या कडेनं पाला-काडीकचरा पेटवून धूर करतो. सकाळी तोच खाली पसरून राहतो. आमची झोप मोडते, तुमचं बॅकग्राउंड सुधारतं. 😄

चोपड्याची_लेक
मग तर झालंच की भाऊ! धूर फोटोत आला म्हणजे रावेरची थंडी फोटोत आली. उटीला कोण केळीसाठी पाला जाळतं?

पांझराकाठचा (धुळे)
फोटोत केळीचं एक पान तरी दिसतं का? मग तो धूर रावेरचा, हे कळायचं कसं?

फिफ्टी_एमएम
इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. फोकस चुकलेला फोटो आणि सॉफ्ट फोकस एक नव्हेत. खऱ्या सॉफ्ट फोकसमध्ये आत एक स्पष्ट प्रतिमा असते आणि तिच्यावर उजेडाची साय चढलेली असते. भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी जुळत नाहीत, त्यातून ती येते. इतर भिंगांत हा दोष काढून टाकतात, काही भिंगांत मुद्दाम ठेवतात. कॅननचं १९८७ चं १३५ एमएम त्यासाठीच होतं, आणि २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या १०० एमएम मॅक्रोला (अगदी जवळून फोटो काढायच्या भिंगाला) तर ही साय कमी-जास्त करायची वेगळी रिंगच आहे. ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं भोक, लहान केलं की साय उतरते.

मॅक्रोचं गणित आणखी निराळं. फूल सेन्सरवर मूळ आकाराएवढंच पडेल इतकं जवळ गेलात, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ एमएम रोलच्या चौकटीएवढा सेन्सर) एफ २.८ ला, म्हणजे भोक मोठं असताना, जेमतेम एक तृतीयांश मिलीमीटर खोली स्पष्ट येते. एफ ८ ला, भोक लहान केल्यावर, सुमारे एक मिलीमीटर. म्हणजे पांझराकाठवाले मागतात ते 'सगळं स्पष्ट' एका क्लिकमध्ये होतच नाही. फोकस सरकवत बरेच फोटो काढून ते जोडावे लागतात आणि तोवर फूल हलता कामा नये. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाच जमतं. उरलेल्या वेळी काय धूसर ठेवायचं एवढंच ठरवणं हातात असतं. मी परागाची टोकं धरतो, पाकळ्या सोडून देतो.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मात्र यात धरू नका. तो अंदाजानं कडा कापतो. तुरीच्या शेंड्याची निम्मी पानं खाल्लेली पाहिली आहेत.

जुना_रोलवाला (जळगाव)
हे भांडण आमच्या रोलच्या जमान्याच्याही आधीचं आहे, पोरांनो. अमेरिकेत १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी एफ ६४ नावाचा गट काढला तो असल्याच धूसर, चित्रासारख्या फोटोंवर चिडून. आम्ही स्टुडिओत दोन्ही बाजूंचे पैसे खाल्ले. पासपोर्टला टोकदार, नवरीला व्हॅसलीन. जुन्या फिल्टरच्या कडेला बोटभर लावायचं, मधली जागा कोरी ठेवायची. भिंगाला थेट लावू नका, तेवढं ऐका. आणि गारठ्यातला कॅमेरा घरात आणल्या आणल्या पिशवीतून काढू नका, नाहीतर भिंगावर वाफ धरून न मागता सॉफ्ट फोकस मिळेल.

पांढरं_सोनं (शिंदखेडा)
मी पांझराकाठवाल्यांच्या बाजूनं. परवा एकानं आमच्या कपाशीचा फोटो टाकला. मिटलेलं फूल, पाकळ्यांना पीळ, गुलाबासारखं, सगळं स्वप्नाळू धुकट. खाली शंभर जण 'वा वा'. आमच्या बाबांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हाई गुलाब नही, डोमकळी शे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुलाबी बोंडअळी आत शिरली की पाकळ्या ती आतून बांधून टाकते, फूल उमलतच नाही. फोटो स्पष्ट असता तर चिकटलेल्या पाकळ्या दिसल्या असत्या, काढणाऱ्यालाही दिसल्या असत्या. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) ठेवू नका, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. इथे त्याच फरदडीतली रोगट कळी लोक व्हॉट्सॲपला डीपी म्हणून लावतात.

चोपड्याची_लेक
डोमकळीचं पटलं, म्हणजे माहिती म्हणून पटलं. पण फोटो काढणं म्हणजे ई-पीक पाहणी नव्हे, भाऊ. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ही ओळ मी शाळेत वाचली, पण तो रंग अंगावर आला तो एका धूसर फोटोतच. एकाच झाडावरचं कालचं गुलाबी मागे, आजचं पिवळं पुढे, कड कुठेच नाही. रेषा काढून घेतली तेव्हा रंग दिसला. तुमच्या बाबांनी मोबाइल लांब धरला तरी डोमकळी ओळखलीच की! ज्याला ओळखायचं तो धुक्यातही ओळखतो.

पांढरं_सोनं (शिंदखेडा)
बाबांची हयात कपाशीत गेली, ताई. शंभर 'वा वा' वाल्यांची नाही.

केळीवाला_रावेर
आणि ते स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारून दव करणारे? त्यांचं काय करायचं? परवा एक जण ग्लिसरीन घेऊन आला होता बागेत.

फिफ्टी_एमएम
त्यावर वेगळा धागा काढा, इथे रक्त सांडेल.

पांझराकाठचा (धुळे)
बरं, धूसर ठेवा. पण फुलाचं नाव आणि गाव खाली लिहा. परागाची टोकं धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यांनी निदान काय दाखवायचं ते ठरवलं आहे. आता थोड्या दिवसांत करडई फुलेल. तिच्या फुलाखालच्या पानांना काटे असतात. ते पुसून नुसता केशरी ढग टाकलात, तर मी प्रत्येक फोटोखाली विचारणार, काटे कुठे गेले?

चोपड्याची_लेक
फोटो काढताना बोटात गेले, दादा. बोटांचा फोटो स्पष्ट काढून पाठवते.