मदत हवी आहे: आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, फक्त गाठ काढावी की पूर्ण स्तन?

आई ६१ वर्षांची, पंढरपूर तालुक्यात राहते. डाव्या स्तनात २.२ सेंमीची गाठ. बायोप्सीत ग्रेड २ (मध्यम वेगाने वाढणारा), ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रोटीन) निगेटिव्ह. काखेची सोनोग्राफी स्वच्छ आहे. शुगर आटोक्यात आली की सोलापुरात ऑपरेशन.

दुसरं मत घेऊन झालंय. दोन्ही डॉक्टर म्हणतात, नुसती गाठ काढली तरी चालेल, पण मग रेडिएशन घ्यावंच लागेल: १५ सिटिंग, ३ आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. आई म्हणते, "त्यापेक्षा सगळंच काढून टाका, परत खेटे नकोत." पण ऑपरेशनात काखेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) कॅन्सर निघाला तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं, हे तिला पटतच नाही. केमोचं ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. हार्मोनची गोळी किमान ५ वर्षं आहेच.

खर्चाची सोय जनआरोग्य योजनेतून बघतोय. घरगुती औषधं कृपया सुचवू नका.

ज्यांच्या घरी साठीपुढच्या बाईने गाठ काढून रेडिएशन घेतलंय, त्यांनी सांगा: रोज एसटीने जाऊन-येऊन झेपलं का, की सोलापुरातच खोली घ्यावी लागली? आणि पूर्ण स्तन काढलेल्यांना ड्रेनची नळी (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) काढेपर्यंत घरी काय तयारी लागली?