मदत हवी आहे: अँग्रा बँडचा अल्बम आधी की सिंफनी एक्सचा?

मंडळी, आम्ही फोंड्याचे, धाकटा भाऊ तबला शिकतोय आणि आता त्याला प्रोग/पॉवर मेटलची (हेवी मेटल संगीताचे दोन प्रकार) गोडी लागलीय, रोज पणजीला जाता-येता बसमध्ये हेडफोन लावून ऐकतो. ड्रीम थिएटर बँडचा १९९२ चा अल्बम 'इमेजेस अँड वर्ड्स' त्याला जाम आवडला, पण त्यांचाच 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' ही एक सलग कथा, ७७ मिनिटांची, ती एका बैठकीत होईना आणि तुकड्यांत ऐकली की धागा निसटतो. हॅलोवीनचा 'कीपर'चा दुसरा भाग (१९८८) तर पाठच झालाय. ब्लाइंड गार्डियनच्या 'नाइटफॉल'मध्ये गाण्यांच्या मधले छोटे छोटे तुकडे त्याला खटकले, मला मात्र तेच आवडतात, त्यावर आमचं रोज वाजतं. ओपेथ बँड सुचवू नका, ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) त्याला अजिबात चालत नाही.

आता दोन उरलेत. अँग्राचा 'होली लँड' (१९९६), त्यात ब्राझीलचे ताल आहेत म्हणून माझं मन तिकडे, पण मित्र म्हणतो सिंफनी एक्सचा 'डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी' घे, फक्त त्यातलं शेवटाकडचं वीस मिनिटांचं गाणं भावाला जड जाईल असं मला वाटतं.

दोन्ही नीट ऐकलेल्यांनी सांगा, तालात कान असलेल्या पोराला आधी कुठला द्यावा आणि का?