मदत हवी आहे : कॅलिफोर्निया लाव्यांमधील भांडणे

नमस्कार. सॅक्रामेंटोजवळ आमच्या जाळीच्या पक्षीघरात परवानाधारक पाळकाकडून आणलेल्या कॅलिफोर्निया लाव्यांचा लहान थवा आहे. नराचा काळा गळा, त्याभोवतीची पांढरी कड आणि कपाळावरून पुढे झुकलेला, सहा पिसांचा असूनही एकसंध भासणारा तुरा पाहून आजही मन हरखते. हिवाळाभर सर्व पक्षी एकत्र चरत, धुळीत लोळत आणि रात्री उंच फांदीवर खेटून बसत. परंतु वसंत लागताच नर एकमेकांवर धावून जाऊ लागले असून एका दुबळ्या नराच्या डोक्यावरची पिसेही उपटली गेली आहेत. निसर्गातही या काळात थवे मोडून जोड्या वेगळ्या होतात; म्हणून प्रत्येक जोडीला स्वतंत्र कप्पा द्यावा, की दाट झुडपांचा आडोसा पुरेल? मादी १२ ते १६ अंडी घालून सुमारे २२ दिवस उबवते, तेव्हा तिला शांतता मिळायलाच हवी. अनुभवी पाळकांनी कृपया मार्गदर्शन करावे.