रंगीत लेझर प्रिंटरचे पिवळे ठिपके: निनावी पत्र निनावी राहते का?

प्रश्न
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबांबद्दल उपनिबंधक कार्यालयाकडे निनावी पत्र पाठवण्याचा आम्हा काही सभासदांचा विचार आहे. रंगीत लेझर प्रिंटर कागदावर छुपे पिवळे ठिपके उमटवतो आणि त्यांवरून तो प्रिंटर ओळखता येतो, असे ऐकले. यात कितपत तथ्य आहे? मजकूर काळ्या अक्षरांतच असेल तरीही ही भीती राहते का?

प्रतिसाद १
तथ्य आहे. बनावट नोटांना आळा घालण्यासाठी झेरॉक्स कंपनीने १९८०च्या दशकात ही पद्धत आणली. २००५ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याच कंपनीच्या डॉक्युकलर यंत्रांची खूण उलगडली, तेव्हा १५ उभ्या आणि ८ आडव्या ओळींच्या चौकटीत यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ निघाली. ही चौकट पानभर पुन्हापुन्हा छापली जाते. अक्षरे काळी आहेत म्हणून ठिपके नसतील, असे गृहीत धरू नका. अंधारात निळा एलईडी दिवा पानाच्या कोऱ्या समासावर धरून भिंगातून पाहा. पिवळे ठिपके काळपट दिसू लागतात.

प्रतिसाद २
ठिपक्यांइतकीच छपाईच्या नोंदींची काळजी घ्या, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. २०१७ साली अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएच्या कंत्राटी कर्मचारी रिअ‍ॅलिटी विनर यांनी फोडलेल्या गोपनीय अहवालाच्या, ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रतीवरील ठिपक्यांतून ९ मे २०१७ ही तारीख वाचता आली, आणि त्याचीच सर्वत्र चर्चा झाली. तपास यंत्रणेच्या प्रतिज्ञापत्रात मात्र आधार होता तो अंतर्गत नोंदींचा: तो अहवाल सहा जणांनी छापला होता आणि त्यांपैकी एकट्या विनर यांच्याच कार्यालयीन संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेल झाला होता. म्हणून असे पत्र कार्यालयातील प्रिंटरवर मुळीच छापू नका.

प्रतिसाद ३
झेरॉक्सच्या दुकानातही जपून. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो, ती दुकानदाराच्या संगणकावर आपल्या क्रमांकासह राहते. पत्रासाठी फक्त काळा टोनर असलेला लेझर प्रिंटर बरा, कारण पिवळा टोनरच नसेल तर पिवळे ठिपके उमटणार नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आभारी आहे. काल रात्री समासावर निळा दिवा धरला, तेव्हा ठिपक्यांची नक्षी स्पष्ट दिसली. ती प्रत फाडून टाकली आहे. आता पत्र एका सभासदाच्या घरच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापू.