'फॉल्स' लिहिलं तरी 'ट्रू' का?

उद्यमबागवाला: मंडळी, वर्कशॉपमध्ये जॉबची लेबलं छापायला पायथनचा छोटा प्रोग्राम केलाय. सेटिंग्ज आयएनआय फाईलमध्ये (साधी 'नाव = किंमत' अशा ओळींची फाईल), वाचतो पायथनच्या कॉन्फिगपार्सरनं. 'दुहेरी_लेबल' पुढं फॉल्स लिहिलं तरी कन्नड आणि मराठी दोन्ही छापतंयच. शिवाय फाईलमध्ये मराठी नाव घातलं की विंडोजवर कधी एरर, कधी भलतीच अक्षरं. लिनक्सवर ठीक. मालक डोक्यावर उभे आहेत, कोल्हापूरची गाडी भरायचीय.

खानापूरकर: कॉन्फिगपार्सर सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणूनच देतो रे. रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनला खरीच. त्याचंच गेटबूलियन वापर, ते खरं-खोटं ओळखून देतं, त्याला यस-नो, ऑन-ऑफपण कळतं. वाचताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्वतः सांग, नाहीतर विंडोज आपलंच घोडं पुढं दामटतं.

निपाणीचा पोरगा: आणि फाईल सापडली नाही तर कॉन्फिगपार्सरचं 'रीड' ओरडत नाही, गप्प पुढं जातं. ते वाचलेल्या फाईलींची यादी परत देतं, ती रिकामी नाही ना बघ. कोडभर सेटिंग्ज शोधत फिरण्यापेक्षा एकच डेटाक्लास (माहिती एकत्र ठेवायचा साचा) कर, फ्रोझन ठेव म्हणजे नंतर बदलणार नाही, सगळे प्रकार तिथंच ठरव. पायथन ३.११ पासून टॉमल फाईली वाचणारं टॉमलिब आयतंच आहे, त्यात आकडे, ट्रू-फॉल्स आपापल्या प्रकारात येतात. पण ते फक्त वाचतं, लिहीत नाही. मालक नोटपॅडमध्ये हात घालणारे असतील तर आयएनआयच बरी.

उद्यमबागवाला: घालतातच! लेबल सुधारलं. आता 'सूट = 5%' या ओळीवर एरर.

खानापूरकर: इंटरपोलेशन. टक्क्याची खूण दिसली की पार्सर तिथं दुसरी किंमत भरायला बघतो. पार्सर बनवताना इंटरपोलेशनला 'नन' (None, म्हणजे काही नको) दे, नाहीतर टक्क्याची खूण दोनदा लिही. मालकांना दोनदा लिहायला सांगणार असशील तर पहिलाच उपाय कर.