बाबांचा रिपोर्ट चौथी स्टेज 'बी' आलाय, नेटवरच्या टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा?

वर्धेचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. बाबा ५६ वर्षांचे, शेती आहे, खर्रा वीस-पंचवीस वर्षं तरी चालू होता. उजव्या गालाच्या आतून जखम झाली होती, तोंड उघडेना तेव्हा दाखवलं. बायोप्सीत कॅन्सर आला, ऑपरेशन होऊन आज १४ दिवस झाले. उजवा अर्धा जबडा काढला, मानेच्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस घेऊन गाल भरला. फुले योजनेत बसलं म्हणून निभावलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते चौथी 'ए', आणि काल रिपोर्ट हातात आला त्यात लिहिलंय पीटी ४ए (तोंडातली मूळ गाठ), पीएन ३बी (मानेच्या गाठी) म्हणजे चौथी 'बी'. गाठी ३८ तपासल्या त्यातल्या २ मध्ये आहे, एका गाठीत 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन पॉझिटिव्ह', मार्जिन (कापलेल्या भागाच्या कडा) सगळे क्लिअर, जवळचा ६ मिमी, नसेभोवती (मज्जातंतूभोवती) पण आहे असं लिहिलंय.

काल रात्रभर नेटवर बसलो होतो. एका कॅल्क्युलेटरमध्ये सगळं भरलं तर पाच वर्षं जगण्याचे २२ टक्के आले, दुसऱ्यात भरलं तर जवळपास दुप्पट. आता मी काय समजू? आणि ऑपरेशन नीट झालं म्हणतात तर स्टेज वाढली कशी, चौदा दिवसांत पसरला का?

विचारायचं खरं कारण असं की धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं आहे. वैशाखात करायचं होतं पण काका म्हणतात बाबा आहेत तोवर याच महिन्यात, पंधरा-वीस दिवसांत उरकून टाका. बाबांना बोलता येत नाही नीट, नाकात नळी आहे, पण पाटीवर लिहून विचारलं त्यांनी मला, "लग्न बघीन ना?" मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन बसलो.

हेडनेक_नागपूर:
दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं, चौदा दिवसांत काहीही पसरलेलं नाही. ऑपरेशनच्या आधीची स्टेज ही हाताने तपासून आणि सीटी स्कॅन बघून लावलेली असते, नंतरची पॅथॉलॉजिस्टने प्रत्येक गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघून लावलेली असते. 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन' म्हणजे गाठीच्या आवरणातून पेशी किंचित बाहेर येणं, आणि ते स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. जे आधीपासून होतं तेच आता कागदावर आलंय.

दुसरी गोष्ट, जी नेटवर कोणी समजावून सांगत नाही. स्टेजिंगचे नियम २०१८ पासून बदलले, आठवी आवृत्ती म्हणतो आम्ही तिला. त्यात दोन मोठे बदल झाले, एक म्हणजे तोंडातली मूळ गाठ किती रुंद याच्यासोबत किती खोल गेली ते मोजायला लागले, ५ मिमी आणि १० मिमी अशा पायऱ्या आहेत, आणि दुसरा म्हणजे हे आवरणाबाहेर येणं. जुन्या नियमात बाबा चौथी 'ए' मध्येच राहिले असते. तेव्हा चौथी 'बी' म्हणजे मुख्यतः ज्यांचं ऑपरेशनच अवघड किंवा अशक्य असे पेशंट, आजार वर कवटीच्या बुडापर्यंत गेलेला, मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातलेला, किंवा मानेत ६ सेंमीपेक्षा मोठी गाठ असलेला. तुम्ही जर जुन्या पेपरमधला 'बी' चा आकडा वाचला असेल तर तो वेगळ्याच माणसांचा आकडा आहे. ज्याचं ऑपरेशन झालंय, मार्जिन साफ आहेत, ३८ पैकी दोनच गाठी आहेत, त्याला तो लावू नका.

खोटी आशा देणार नाही. आवरणाबाहेर येणं हा तोंडाच्या कॅन्सरमधला सगळ्यात वाईट खुणांपैकी एक आहे, नसेभोवती असणं पण चांगलं नाही, हाड धरलंय ते आहेच. पण तुमच्या बाजूला पण गोष्टी आहेत आणि त्यातली साफ मार्जिन ही फार मोठी. आता तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे पुढची ट्रीटमेंट वेळेवर. आवरणाबाहेर आलेलं असलं की नुसता शेक (रेडिएशन) पुरत नाही, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात, हे युरोप आणि अमेरिकेतल्या दोन ट्रायलनंतर २००४ पासून पक्कं झालंय. शेक ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा आणि मधे खंड पडायला नको. सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं द्यायचं की तीन आठवड्यांनी मोठा डोस, यावर आपल्या टाटा मेमोरियलचीच ३०० पेशंटची ट्रायल २०१८ मध्ये आली, त्यात तीन आठवड्यांच्या डोसात दोन वर्षांनी तोंड-मानेतला आजार ताब्यात असलेले ७३ टक्के आणि आठवड्याच्या डोसात ५८ टक्के होते. त्रासही मोठ्या डोसात जास्त होतो हे लक्षात ठेवा. बाबांची किडनी, ऐकू येणं, वजन बघून तुमचे डॉक्टर ठरवतील, विचारा त्यांना मोकळेपणाने.

आकडेमोड:
मी डॉक्टर नाही, पुण्यात आकडेशास्त्राचं काम करतो आणि अशी सर्व्हायव्हलची मॉडेलं बनवणाऱ्या टीममध्ये काही वर्षं होतो, त्यामुळे दोन कॅल्क्युलेटरचे दोन आकडे का येतात तेवढं सांगू शकतो.

कॅल्क्युलेटर कोणाच्या डेटावर शिकलाय हे आधी बघायचं. बाहेरची बरीच मॉडेलं अमेरिकेतल्या पेशंटवर बनलीत, तिकडे जीभ आणि जिभेखालचा भाग जास्त, सिगरेट आणि दारू जास्त. आपल्याकडे गाल आणि हिरडीचा, खर्रा-गुटखा-माव्याचा. तिकडच्या कॅन्सर रजिस्ट्रीत केमो कोणती दिली, पूर्ण झाली का, तंबाखू सुटली का, हे नीट नोंदलेलं नसतं. म्हणजे तुमच्या बाबांचं ज्यावर सगळं अवलंबून आहे तेच त्या मशीनला माहीत नाही. ते वय, मूळ गाठीचा आकार, मानेतल्या गाठींची संख्या एवढंच बघून बोलतंय.

मॉडेलची परीक्षा दोन प्रकारे होते. एक, दोन पेशंटपैकी कोण आधी जाईल हे ते किती वेळा बरोबर ओळखतं. नाणं उडवलं तर अर्धे वेळा बरोबर येतं, मॉडेल त्याच्या बरंच वर असलं तरी चुकांना भरपूर जागा उरते. दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची आणि लोक ती वगळतात: ते '४० टक्के' म्हणालं तर तशा १०० माणसांतली खरंच ४० च्या आसपास जगतात का. एका देशातलं मॉडेल दुसरीकडे नेलं की ही दुसरी परीक्षा सहसा बिघडते. क्रम बरोबर लागतो, आकडा सरकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन हे मॉडेलमध्ये घेणं, स्कॅनचे फोटो मशीनला दाखवणं असं बरंच चालू आहे, मी स्वतः त्यात काम केलंय आणि मला त्याचं मोल वाटतं, पण ते शंभर माणसांचा अंदाज बांधायला बरं आहे, पाटीवर प्रश्न लिहिणाऱ्या एका माणसाला उत्तर द्यायला नाही.

आणखी एक, आजचा टक्का कायमचा नसतो. या आजारात परत येण्याचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतं. जो माणूस दोन वर्षं आजाराशिवाय काढतो त्याचा पुढचा आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ चांगला असतो, कॅल्क्युलेटर मात्र पहिल्या दिवसापाशीच थांबलेलं असतं.

कण्हेर:
भाऊ, मी जालन्याची. माझ्या मिस्टरांचं असंच गालाचं ऑपरेशन झालं होतं, शेकाच्या ३० पैकी १७ झाले आणि सोयाबीन काढणीला आलं म्हणून आम्ही दहा दिवस गावी गेलो, तोंड सोलून निघालं होतं, त्यांनाही नकोच झालं होतं, मीही जोर केला नाही. सात महिन्यांनी मानेत परत आलं. त्या दहा दिवसांमुळेच आलं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही हे मला डॉक्टरांनीच समजावलं, पण मनातून जात नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, लग्न या महिन्यात घेऊ नका. तुमच्या सहा आठवड्यांतले उरलेले दिवस नेमके त्यातच जातील. हळद, पाहुणे, धावपळ, त्यात दाताच्या डॉक्टरची तारीख हुकेल, शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून लागतो तो मास्क बनवायची तारीख हुकेल, आणि शेक पुढे जाईल.

शेक सहा आठवड्यांचा. संपल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट पहिले दोन-तीन आठवडे जास्त जड जातात, मग हळूहळू तोंड भरून येतं. वैशाखापर्यंत ते मांडवात बसतील, पातळ वरण-भात खातील असं धरून चाला.

परत आलं तेव्हा एका डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात उभ्या उभ्या "तीन महिने" सांगितलं. अकरा महिने होते ते. गोळ्यांवर, घरी. त्या तीन महिन्यांच्या आकड्यापायी आम्ही घाईघाईत बैलजोडी विकली होती, ती विकायला नको होती असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

हेडनेक_नागपूर:
कण्हेरताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब असणार, त्यावर टाटाचीच ट्रायल २०२० मध्ये आली, शिरेतल्या सिस्प्लॅटिनपेक्षा त्या बऱ्या ठरल्या, निम्मे पेशंट साडेसात महिन्यांच्या पुढे जगले विरुद्ध सहा. साडेसात हा मधला आकडा, म्हणजे अर्धी माणसं त्याच्या पलीकडे जातात, ताईंचे मिस्टर त्यातलेच.

वर्धेच्या दादा, डॉक्टरांना "किती दिवस" विचारू नका. "चांगलं झालं तर काय, वाईट झालं तर काय, आणि बहुतेकांचं काय होतं" असं विचारा, तिन्ही लिहून घ्या. लग्नाचं मी पण हेच म्हणेन, वैशाख. आणि बाबांचा खर्रा पूर्ण बंद, घरातल्या सगळ्यांचा.

वर्धेचा_पोरगा:
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफी. काल ओपीडीत जाऊन तिन्ही प्रश्न विचारले. डॉक्टर पंधरा मिनिटं बोलले. वाईट झालं तर वर्षाच्या आत परत येऊ शकतं म्हणाले, चांगलं झालं तर पाच वर्षं तपासणीला येत राहाल, आणि मधलं जे आहे ते पहिल्या दोन वर्षांत कळेल. मास्कची तारीख सोमवारची मिळाली, किडनी ठीक आहे, कानाची तपासणी उद्या. शेक ऑपरेशनपासून ३४व्या दिवशी सुरू होतोय.

काकांना कण्हेरताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी मुलाकडच्यांना फोन करून वैशाखातलीच तारीख कळवली. बाबांना पाटीवर तारीख लिहून दाखवली तर त्यांनी खाली लिहिलं, "तोवर कापूस वेचून घ्या."