नुसता वेग वाढवून काय होणार?

ऑनलाइन गेममध्ये कूलडाऊन (एक चाल वापरल्यावर ती पुन्हा वापरता येईपर्यंत थांबावं लागणारा वेळ) कमी केला की लढाई रंगेल, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. बटणं आणखी जोरात बडवली जातील, एवढंच. २०१२ साली आलेला गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम बघा. डॉजला, म्हणजे झटकन सरकून वार चुकवायला, एन्ड्युरन्स (दम) लागतो, आणि त्याच्या भरलेल्या पट्टीत जेमतेम दोन डॉज. ते उगाच उडवले आणि मग बॉसने (तगड्या मुख्य शत्रूने) वार करायला हात उचलला, की झालात आडवे! शिवाय एकाने जमिनीवर आग लावली आणि दुसऱ्याने त्या आगीतून बाण सोडला, तर तो शत्रूला जाळतो. म्हणजे कुठे उभं राहायचं याला किंमत येते. (आमच्या ग्रुपमध्ये आग लावणारे भरपूर, बाणवाला मात्र कायम भलत्याच टोकाला.) कूलडाऊन आहे तेवढाच राहू दे, आधी जागेचं काहीतरी करा.